आधी प्रश्न, मग मोजणी
दुकानाची वेबसाइट हाती घेणाऱ्या पुतणीला काकाचे कानमंत्र

पोरी, दुकानाची वेबसाइट आता तू सांभाळणार, हे फार चांगलं झालं. हिमरू शाल किंवा पैठणी घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर पाय ठेवण्याआधी मोबाइलवर आपली पानं चाळून येतं. कोण आलं, कुठून आलं, काय पाहिलं आणि कुठं थांबलं, हे समजून घ्यायची सोय फुकट मिळते. वाळूजच्या वर्कशॉपपासून वेरूळच्या लॉजपर्यंत आपल्या भागातल्या बऱ्याच छोट्या धंद्यांना मी ही मोजणी लावून दिली आहे. त्यातून जे पक्कं कळलं ते तुला सांगतो. घाई करू नकोस, एकेक कर.

प्रश्न वहीत लिही

साइटवर मोजणीचा कोड चिकटवायच्या आधी वही उघड आणि तीन प्रश्न लिही. आपल्या दुकानासाठी मी हे लिहीन: महिन्यात किती जणांनी व्हॉट्सॲप किंवा फोनचं बटण दाबलं? ते कोणत्या वाटेनं आपल्यापर्यंत आले? कोणतं पान पाहून त्यांनी विचारणा केली? प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर मिळाल्यावर काय करशील तेही लिही. ज्याच्या पुढे काही सुचत नाही तो प्रश्न खोडून टाक.

हे प्रश्न धंद्यागणिक बदलतात. वाळूज एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्याला हजार पाहुणे नकोत. एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या माणसानं मशीनची यादी डाउनलोड केली, तर त्याच्या वर्षभराच्या कामाची सोय होऊ शकते. त्यानं डाउनलोड मोजावं. लॉजवाल्यानं तारखांची चौकशी मोजावी. 'आज किती जण आले' हा आकडा बघायला गोड वाटतो, पण त्यावर दुकान चालत नाही.

किल्ल्या आपल्याच हातात ठेव

गूगल ॲनालिटिक्सचं खातं दुकानाच्या ईमेलवरून उघड. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवरून नको, तुझ्या खासगी ईमेलवरूनही नको. 'ॲडमिनिस्ट्रेटर'चा अधिकार दुकानाकडे ठेव आणि काम करणाऱ्याला 'एडिटर' म्हणून जोड. काम संपलं की त्याचं नाव काढता येतं, वर्षानुवर्षांची माहिती आपल्याकडे राहते. डोमेन आणि होस्टिंगलाही हाच नियम लाव. माणसं चांगली असतात, पण नोकरी बदलतात, गाव बदलतात, आणि पासवर्ड त्यांच्यासोबत जातो.

लावताना या गोष्टी बघ

खात्यात 'प्रॉपर्टी' तयार करताना वेळ आणि चलन विचारतात. तिथं आधीपासून अमेरिकेची वेळ आणि डॉलर असेल, तर भारताची वेळ आणि रुपया निवड. लॉस एंजेलिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा ते साडेतेरा तास मागं असतं. ते तसंच राहिलं तर आपल्या सकाळचं गिऱ्हाईक आदल्या तारखेत जाऊन बसतं. नंतर दुरुस्त केलंस तरी मागचे दिवस सुधारत नाहीत.

मग 'डेटा स्ट्रीम'मध्ये वेबसाइटचा पत्ता दे. 'जी' या इंग्रजी अक्षरानं सुरू होणारा एक मेझरमेंट आयडी मिळेल. आपली साइट वर्डप्रेसवर आहे, तेव्हा गूगलचंच 'साइट किट' हे प्लगइन घेतलंस की कोड सगळ्या पानांवर आपोआप बसतो. मात्र तो एकदाच बसला पाहिजे. प्लगइनमधून एकदा आणि थीममध्ये हातानं पुन्हा एकदा बसला, तर प्रत्येक पाहुणा दोनदा मोजला जातो आणि तू उगाच खुश होतेस. बसवून झालं की दुकानाचा वायफाय बंद कर, मोबाइल डेटावरून साइट उघड आणि 'रिअलटाइम'मध्ये स्वतःला शोध. गेल्या तीस मिनिटांतले पाहुणे तिथं दिसतात. बाकीचे अहवाल भरायला एक-दोन दिवस लागतात, तोवर काळजी करू नकोस.

त्याच दिवशी आणखी एक काम उरक. 'डेटा रिटेन्शन' दोन महिन्यांवर असतं, ते चौदा महिन्यांवर ने. नेहमीच्या अहवालांना त्यानं फरक पडत नाही. पण 'एक्सप्लोरेशन'मध्ये खोलात जाऊन मागच्या दिवाळीशी ताडून बघायचं म्हणशील, तेव्हा ही सेटिंग आठवेल.

घरच्यांना मोजणीतून वगळ

नव्या साइटवर सर्वांत जास्त फेऱ्या घरचेच मारतात: तू, तुझे बाबा, काउंटरवरची मुलं, फोटो चढवणारा. 'इंटर्नल ट्रॅफिक'मध्ये दुकानाचा आयपी पत्ता टाकून त्यांना वगळता येतं. तो फिल्टर सुरुवातीला 'टेस्टिंग'मध्ये असतो. तपासून मगच 'ॲक्टिव्ह' कर, कारण एकदा वगळलेली माहिती परत येत नाही. आपल्याकडे साध्या ब्रॉडबँडचा आयपी अधूनमधून बदलतो, त्यामुळे हा फिल्टर गुपचूप निकामी होतो. दुकानाच्या कॉम्प्युटरवर गूगलचं ॲनालिटिक्स बंद ठेवणारं ब्राउझर ॲड-ऑन टाकून दे, ते जास्त भरवशाचं.

व्हॉट्सॲप आणि फोन मोज

आपल्याकडे ऑनलाइन पैसे भरून पैठणी मागवणारे थोडे. पदर जवळून दाखवा, रंग उजेडात दाखवा, असं विचारणारे जास्त. म्हणजे आपली विक्री व्हॉट्सॲपवर सुरू होते, तेव्हा मोजणीही तिथंच लावायची. व्हॉट्सॲपचा दुवा बाहेरच्या डोमेनवर जातो, म्हणून त्यावरची टिचकी ॲनालिटिक्स 'आउटबाउंड क्लिक' म्हणून आपोआप टिपतं. त्यातल्या फक्त व्हॉट्सॲपच्या टिचक्यांचा वेगळा इव्हेंट बनव आणि त्याला 'की इव्हेंट' कर. याच गोष्टीला २०२४ पर्यंत 'कन्व्हर्जन' म्हणत, जुन्या व्हिडिओंत तोच शब्द ऐकशील.

फोन नंबरवरची टिचकी मात्र आपोआप टिपली जात नाही. त्यासाठी गूगलच्याच 'टॅग मॅनेजर'मधून ट्रिगर लावावा लागतो. अर्धा तास जाईल, पण टाळू नकोस. वयस्कर गिऱ्हाईक लिहीत बसत नाही, सरळ फोन लावतं. तोच मोजला नाहीस तर वेबसाइटचा उपयोग नाही असं तुला वाटेल, आणि ते खरं नसेल.

बाहेर पाठवलेल्या दुव्यांना खूण कर

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या दुव्यावरून आलेला माणूस बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, म्हणजे कुठून आला ते कळत नाही. म्हणून दुव्याच्या शेपटीला यूटीएम जोड: सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन. यातला 'यू' अर्चिनचा. अर्चिन ही कंपनी गूगलनं २००५ साली विकत घेतली आणि तिच्याच सॉफ्टवेअरवर त्या नोव्हेंबरात गूगल ॲनालिटिक्स उभं राहिलं.

गूगल मॅपवरच्या आपल्या दुकानाच्या दुव्याला एक खूण, इन्स्टाग्रामला दुसरी, पिशवीवरच्या क्यूआर कोडला तिसरी, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात वाटायच्या कार्डाला चौथी. सगळं इंग्रजीच्या लहान लिपीत लिही. मोठं अक्षर आलं की ॲनालिटिक्स त्याला वेगळी वाट समजतं. खुणांची यादी एका शीटमध्ये ठेव. आणि साइटच्या आतल्या दुव्यांना या खुणा कधी लावू नकोस, माणूस मुळात कुठून आला तेच पुसलं जातं.

आपल्या शहराचं नाव जपून वाच

पोरी, हे नीट ऐक. आपल्या शहरातल्या धंद्याला हे जितकं लागू आहे तितकं क्वचितच कुणाला असेल. शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. पण माणसं शोधताना काय टाइप करतात हे गूगलचं 'सर्च कन्सोल' सांगतं, आणि तिथं तुला सगळी नावं दिसतील: नवं पूर्ण नाव, नुसतं संभाजीनगर, जुनं औरंगाबाद, देवनागरीत, रोमनमध्ये, हव्या तशा स्पेलिंगनं. जुनी प्रवासपुस्तकं घेऊन अजिंठ्याला येणारा परदेशी पाहुणा जुन्याच नावानं शोधणार. म्हणून पत्त्यात आजचं अधिकृत नाव ठेव, आणि 'आमच्याविषयी'च्या पानावर शहराचं पूर्वीचं नाव एका साध्या वाक्यात येऊ दे. शोधणाऱ्याला दार सापडलं पाहिजे.

आता उलटी बाजू बघ. औरंगाबाद नावाचं शहर आणि जिल्हा बिहारमध्येही आहे. 'संभाजीनगर' चिंचवडमध्येही आहे आणि कोल्हापुरातही. त्यामुळे शहरांच्या यादीत एखादा आकडा फुगलेला दिसला, की शेजारी 'रीजन'चा रकाना जोड. बिहारहून आलेला माणूस बहुधा त्याच्या गावातलं दुकान शोधत होता. तो दोन सेकंदांत निघून गेला म्हणून आपलं पान वाईट ठरत नाही. दहा सेकंदांहून जास्त थांबलेली, दोन पानं पाहिलेली किंवा की इव्हेंट झालेली भेट ॲनालिटिक्स 'एंगेज्ड' धरतं. महाराष्ट्राचा आणि बिहारचा हा आकडा वेगवेगळा बघ, चित्र स्वच्छ होईल. मोबाइल इंटरनेटवर शहराचा अंदाज चुकतोही. क्रांती चौकातला माणूस मुंबईत दिसू शकतो. राज्यावर विश्वास ठेव, शहरावर बेतानं.

सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांचे शोध राहतात. तिथं एक गोष्ट मुद्दाम बघ. नुसत्या 'पैठणी' शब्दावर आपली गाठ येवल्याच्या मोठ्या बाजाराशी पडते. 'हिमरू' शब्दावर मात्र आपल्याच शहराचं नाव येतं. हिमरू म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांना आपलं पान दिसतंय पण कुणी टिचकी मारत नाही, असं आढळलं, तर सुताचा उभा धागा आणि रेशमाचा आडवा धागा यांतून हे कापड कसं विणतात, ते मागाच्या फोटोसकट लिही. जाहिरातीवर एक रुपया खर्च करण्याआधी हे कर.

सणावाराप्रमाणे तुलना कर

लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दोन्ही वर्षांचे नोव्हेंबर शेजारी ठेवलेस तर धंदा बसला असं वाटेल, आणि ते खोटं असेल. दिवाळीआधीचे तीन आठवडे दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांशी ताडून बघ. लग्नसराईचंही तसंच. आठवड्यालाही आपली लय आहे: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पर्यटकांवर चालणाऱ्या धंद्यानं सोमवार सोमवारशी आणि शनिवार शनिवारशीच ताडावा.

आणि छोट्या आकड्यांवर टक्के लावू नकोस. चारचे सहा झाले तर पन्नास टक्के वाढ दिसते, पण ती दोनच माणसं असतात. अशा वेळी त्या सहा जणांशी काय बोलणं झालं ते वाच, त्यातून जास्त शिकशील.

पाहुण्याचा मान राख

मोजणी वाटांची करायची, माणसांची झडती घ्यायची नाही. फॉर्म भरल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात कुणाचं नाव, फोन किंवा ईमेल जात नाही ना, हे तपास. अशी माहिती ॲनालिटिक्सकडे पाठवायला गूगलच्याच नियमांत मनाई आहे. आपल्या देशाचा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदाही २०२३ साली झाला. युरोपातून येणाऱ्यांसाठी २०१८ पासून तिथले कडक नियम लागू आहेत, त्यांची संमती घेणारी पट्टी साइटवर असू दे. काय मोजतो आणि कशासाठी, ते सोप्या मराठीत आणि इंग्रजीत एका पानावर लिही. ज्यानं विश्वासानं नंबर दिला, त्याला त्यानं विचारलेल्याच कामासाठी फोन कर.

महिन्याला एकदा बस

रोज आकडे उघडू नकोस, जीव उगाच वरखाली होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी तासभर बस आणि त्या तीन प्रश्नांची उत्तरं रोजमेळासारखी वहीत उतरव. वही का, तर साधनं बदलतात. ॲनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीनं १ जुलै २०२३ पासून नोंदी घेणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी तिची साठवलेली माहितीही गेली. ज्यांनी आकडे उतरवून ठेवले होते, त्यांनाच मागचं सांगता आलं.

वहीत आणखी एक रकाना काढ: 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हे काउंटरवर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचार. मावशीनं सांगितलं, लग्नात शाल पाहिली, रिक्षावाल्यानं आणलं, अशी उत्तरं कोणत्याच सॉफ्टवेअरला दिसत नाहीत आणि आपला निम्मा धंदा त्यांवर उभा असू शकतो.

उठण्याआधी एकच बदल ठरव आणि तारखेसकट लिही: या पानावरचे फोटो बदलले, व्हॉट्सॲपचं बटण वर आणलं, हिमरूचं पान नवं लिहिलं. पुढच्या महिन्यात आधी त्याचा परिणाम बघ, मगच दुसरं काही हातात घे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्यास, तर गिऱ्हाईक कशामुळे आलं ते तुलाही सांगता येणार नाही. असे बारा बदल वर्षाअखेरी वहीत असतील, आणि त्यातले कोणते लागू पडले ते तुला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.