नवजात बालकाच्या अंगांतील शेगडी

पौषांतल्या पहाटे आपले दांत वाजूं लागतात. ती कुडकुड म्हणजे स्नायूंनीं हालचाल करून उष्णता उत्पन्न करणेंच होय. परंतु त्याच पहाटे जन्मलेलें मूल सहसा कुडकुडत नाहीं. त्याच्या स्नायूंना ती शक्ति अद्याप आलेली नसते. मग तें ऊब आणतें कोठून?

त्याच्या खांद्यांच्या मध्यें, मानेभोंवतीं व मूत्रपिंडांपाशीं तपकिरी चरबी असते. तिच्या पेशी तंतुकणिका नांवाच्या सूक्ष्म अवयवांनीं भरलेल्या असतात. त्यांतील लोहामुळें तो रंग येतो. जायकवाडीचें धरण तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. अडविलेलें पाणी चक्रावरून सोडलें म्हणजे वीज होते; दुसऱ्या दरवाजानें सोडलें तर वीज न होतां तें वाहून जातें. तंतुकणिकाही अन्न जाळून पडद्यापलीकडे प्रोटॉन सांठवितात, व ते चक्रावाटे परत घेऊन ए.टी.पी. हें शक्तीचें नाणें पाडतात. थंडी लागतांच मेंदू मज्जातंतूंकरवीं तपकिरी चरबीस निरोप धाडतो, आणि यू.सी.पी.-१ नामक प्रथिन पडद्यांतील दुसरा दरवाजा उघडतें. नाणें पडत नाहीं. सांठलेली शक्ति उष्णता होऊन बाहेर येते. हिशेबी माणसास ही उधळपट्टी वाटेल, पण तीच बालकास तारते. (डुकराच्या पिलांना हें प्रथिन नसतें, तीं बिचारीं एकमेकांस बिलगून कुडकुडतात.)

मात्र शेगडी लहान. तिला इंधन व प्राणवायु पुष्कळ लागतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलापाशीं ही चरबी थोडीच असते. इंधन सरत आलें कीं मूल निपचित पडतें, अंगावर पिईनासें होतें, घरचीं माणसें मात्र म्हणतात, “किती शांत निजलें आहे!”

हा धोका ओळखावयास गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवच्याच स्त्रियांना शिकविलें, व बालकांसाठीं उबदार पिशव्या दिल्या. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं इतर गांवांच्या तुलनेनें ६२ टक्क्यांनीं घटलें. श्रेय एकट्या उबेचें नव्हे. जंतुसंसर्गावरील उपचारांचा वांटा मोठा होता.

आपल्याकडे कित्येक घरीं मूल जन्मतांच न्हाऊं घालतात. आजीबाईंचा हेतु शुद्ध असतो, पण ओल्या अंगाची उष्णता झपाट्यानें जाते. जागतिक आरोग्य संघटना निदान २४ तास थांबावयास सांगते. मूल कोरडें पुसून, टोपी घालून, आईच्या उघड्या छातीशीं धरावें व पहिल्या तासांतच अंगावर पाजावें. मग तळहातानें पाहावें: पोट उबदार पण तळवे गार, तर शेगडी झुंजत आहे, अधिक ऊब द्यावी, दोन्ही गार असतील, तर छातीशीं धरूनच तत्काळ दवाखाना गांठावा.