लय कोणाची चुकली? : संगणकावरील ध्वनिमुद्रणातील उशीर

आमच्या घरी यंदा नवा संगणक आला. जुन्या संगणकावर मी आणि माझा एक मित्र हौसेने पेटी-तबल्याचे ध्वनिमुद्रण करीत असू. पद्धत साधी होती. प्रथम मी पेटीवर लेहरा वाजवून मुद्रित करायचा. मग मित्राने हेडफोन लावून, तो लेहरा ऐकत तबला वाजवायचा. नव्या संगणकावर मात्र पहिल्याच दिवशी तबला मागे पडू लागला. पेटीची सम येऊन जायची आणि तबल्याची मागाहून यायची. चार वेळा मुद्रण केले, चारही वेळा तेच. "अरे, तुझी लय गेली," असे मी बोलून गेलो. तो काही न बोलता तबला गवसणीत घालून निघून गेला.

रात्री ती चारही मुद्रणे पडद्यावर एकाखाली एक लावून पाहिली. तबला प्रत्येक मात्रेला मागे होता. पण प्रत्येक वेळी अगदी सारख्याच अंतराने! हिशेबाच्या वहीत बेरजा निरनिराळ्या रकमांनी चुकल्या, तर दोष लिहिणाऱ्याचा असू शकतो. पण पानोपानी फरक तेवढाच येत असेल, तर दोष पद्धतीत शोधावा. माणसाची लय ढळते तेव्हा ती कधी पुढे जाते, कधी मागे राहते. इतकी एकसारखी चूक यंत्रच करू शकते. त्या चुकीचा शोध हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उशीर होतो कोठे?

संगणक आवाज सलग साठवीत नाही. तो सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो. हे नमुने एकेक करून पाठविणे परवडत नाही, म्हणून त्यांचा एक गठ्ठा जमला की तो पुढे जातो. या गठ्ठ्याच्या जागेला बफर म्हणतात. ४४,१०० च्या गतीला १,०२४ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, २५६ चा भरण्यास सुमारे ६, आणि १२८ चा भरण्यास सुमारे ३. आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना दुसरा, शिवाय मधल्या उपकरणांचा वेळ वेगळा. या एकूण उशिरालाच लेटन्सी म्हणतात.

वाचकांच्या मनात येईल की, मग बफर अगदी लहान का ठेवू नये? येथे वाणिज्य शाखेचा धडा उपयोगी पडतो. दुकानात माल फार साठवला तर भांडवल अडकते; फार कमी ठेवला तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. बफर हा असाच राखीव साठा आहे. तो मोठा असेल तर उशीर वाढतो. फार लहान असेल तर संगणक वेळेवर माल पोचवू शकत नाही आणि आवाजात तडतड होते.

उशीर मोजावा कसा?

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजावे. मी ऑडिओ इंटरफेसचा बाहेर जाणारा आवाज एका वायरने त्याच्याच आत येणाऱ्या जागी जोडला, एक टिचकीचा आवाज वाजवला आणि तोच पुन्हा मुद्रित केला. दोन टिचक्यांमधील अंतर निघाले ३,९६९ नमुने, म्हणजे ९० मिलिसेकंद. आवाज हवेतून तेवढ्या वेळात सुमारे ३१ मीटर जातो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते; चौगुणीत एकेका बोलाच्या वाट्याला जेमतेम ६२ येतात. म्हणजे माझा मित्र एका बोलाहून अधिक मागे दिसत होता, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता.

वास्तविक सॉफ्टवेअर मुद्रण करताना हा उशीर आपोआप वजा करते. परंतु ही वजावट ड्रायव्हरने कळविलेल्या आकड्यावर अवलंबून असते. ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यामधील दुभाषी. जुन्या संगणकावर इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर होता. नव्यावर मी नुसती वायर जोडली आणि काम सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागले. हा दुभाषी सावकाश तर होताच, शिवाय आपला उशीरही बरोबर सांगत नव्हता.

उपाय, क्रमाने

पहिला उपाय योग्य ड्रायव्हरचा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा 'एसिओ' ड्रायव्हर घालावा. ही पद्धत स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये आणली. मॅकवर 'कोअर ऑडिओ' मुळातच असतो. दुसरा उपाय बफरचा. वाजवताना तो १२८ किंवा २५६ ठेवावा, आणि मुद्रण संपून आवाजाचे मिश्रण करताना १,०२४ करावा, कारण तेव्हा उशिराने बिघडत नाही. तिसरे, मुद्रणाच्या वेळी घुमाऱ्यासारखे जड परिणाम बंद ठेवावेत. तडतड राहिलीच तर वाय-फाय बंद करावे आणि वीज वाचविण्याची सोय काढावी. चौथे, ब्लूटूथ हेडफोन वापरू नयेत. त्यांचाच उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंद असू शकतो. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चे बटण असल्यास वादकाला स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट ऐकू येतो.

हे सर्व केल्यावर मी पुन्हा मोजले. अंतर ४४१ नमुने, म्हणजे १० मिलिसेकंद आले. साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज आपल्यापर्यंत पोचण्यास एवढाच वेळ लागतो.

या दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही. खर्च झाला तो वेगळाच. माझ्या मित्राची घरची भाषा कन्नड. पण 'लय' हा शब्द आमच्या दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळे माझे वाक्य त्याला भाषांतराशिवायच लागले होते. रविवारी मी त्याच्या घरी गेलो, दोन्ही मोजमापांचे आकडे त्याच्यापुढे ठेवले आणि क्षमा मागितली. त्याने आकडे पाहिले, हसला आणि तबला उचलला. त्या संध्याकाळी पहिल्याच मुद्रणात दोन्ही समा एकत्र आल्या.

यंत्र नवे असले की आपण त्यावर पटकन विश्वास ठेवतो आणि जुन्या सोबत्यावर संशय घेतो. मी तोच क्रम धरला होता. आता मात्र आधी वायर जोडून मोजतो, मगच बोलतो.