बँडसॉ मशीन आणि आपली बोटं



आम्ही दवाखान्यात नर्स होतो तेव्हाची गोष्ट. एका दुपारी वीस-बावीस वर्षांच्या पोराला घेऊन त्याची आई आली. घरच्या मशीनवर लाकूड कापताना पोराचं बोट तुटलं होतं. आईच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, आणि बर्फात ते बोट. बोट पांढरंफटक, कडक झालेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. माउली म्हणाली, "सिस्टर, मी बर्फातच आणलं ना, मग काय चुकलं?"

चूक तिची नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून या वेळचं पान आम्ही या विषयाला दिलं आहे.

परभणी, पूर्णा, गंगाखेड, मानवतच्या वस्त्यांत घरापुढच्या पत्र्याखाली बँडसॉ टाकून पोरं चौकटी, दारं, पलंग बनवतात. ही कष्टाची कमाई आहे. पण दोन-तीन माणसांच्या अशा कामाला कारखान्याचे नियम लागत नाहीत, तपासायलाही कुणी येत नाही. त्यामुळे नियम आपणच आपल्याला लावायचे.

मशीन समजून घ्या

बँडसॉची पट्टी दोन चाकांवरून गोल फिरते आणि टेबलातून वरून खाली जाते. ती लाकूड टेबलावर दाबते, म्हणून गोल पात्याच्या कटरसारखं लाकूड अंगावर उडत नाही. "हे मशीन गरीब आहे" असं म्हणतात ते यामुळेच. पण याच भरवशावर हात पट्टीजवळ जातो. पट्टी बोट आणि लाकूड यांत फरक करत नाही.

काम करताना

१. वरचा गाइड लाकडापासून साधारण पाव इंच वर राहील इतका खाली घ्या. पट्टी जितकी उघडी, तितका धोका जास्त.

२. बोटं पट्टीच्या रेषेत कधी ठेवू नका. शेवटचा तुकडा हाताने नाही, लाकडाच्या पट्टीने ढकला.

३. बाभळीचं गोल लाकूड टेबलावर गरकन फिरतं आणि हाताला आत ओढतं. त्याला दोन्ही बाजूंनी पाचर मारलेल्या फळीवर घट्ट बसवूनच कापा.

४. जुन्या वाड्यांच्या दारा-खिडक्यांचं लाकूड असेल तर आधी खिळे काढा. खिळा लागला की पट्टी तुटू शकते.

५. "टक टक" आवाज आला तर पट्टीला चीर गेली असेल. बटण बंद करा, बाजूला व्हा. चाकं पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका.

६. बटण बंद केल्यावरही पट्टी काही वेळ फिरत राहते. भुसा काढायला तेव्हा हात घालू नका. पट्टी बदलायची तर आधी प्लग काढा.

७. गळ्यातला गमछा, ओढणी, सैल बाह्या, अंगठी, मनगटातला दोरा नको. हातमोजेही नकोत, पट्टीत अडकले तर हात ओढला जातो. डोळ्यांना गॉगल मात्र हवाच.

लाइट गेली तर?

आपल्याकडचा हा मोठा धोका. लाइट जाते, कारागीर बटण चालूच ठेवून पट्टीवरचा तुकडा काढायला लागतो, आणि तेवढ्यात लाइट येते. म्हणून लाइट गेली की पहिलं काम बटण बंद करणं. शेतातल्या मोटारीला लावतात तो ऑटो स्विच या मशीनला कधीच लावू नका. लाइट आल्यावर आपोआप चालू न होणारा स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या. अंगणात लेकरं खेळतात, त्यामुळे काम संपल्यावर प्लग काढून ठेवा.

भुसा

लाकडाची बारीक धूळ नाकाच्या कॅन्सरला कारण ठरू शकते, हे जागतिक पातळीवर १९९५ पासून मान्य आहे. एन-९५ मास्क लावा. पाणी शिंपडून मगच झाडा. आई-बहिणींनो, भुशाचे कपडे लेकरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

बोट कापलं तर

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा, कारण ज्याचं बोट कापलं त्याला त्या वेळी काही सुचत नसतं.

आधी मशीन बंद करा. स्वच्छ सुती कपड्याने जखम घट्ट दाबा आणि हात वर धरा. दहा मिनिटं कपडा काढून बघू नका. हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर काही लावू नका. बोट लोंबत असेल तर तोडू नका, आहे तसंच आधार देऊन बांधा.

तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा. ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये. लागला तर मांस गोठून मरतं. त्या माउलीच्या हातून नेमकं हेच झालं होतं.

१०८ ला फोन करा. जखमीला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. किती वाजता कापलं ते लिहून ठेवा. दवाखान्यात पोचताच विचारा, "बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन कुठे आहेत?" पुढे पाठवणार असतील तर वेळ घालवू नका. प्रत्येक तास मोलाचा आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

विम्याबद्दल

पंतप्रधान सुरक्षा बीमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख मिळतात. पण फक्त एक बोट गेलं तर त्यातून काही मिळत नाही. म्हणजे बोटाची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

येत्या रविवारी विहारात जमल्यावर हे पान मोठ्याने वाचा. मग कापून मशीनशेजारच्या भिंतीवर चिकटवा. दोन स्वच्छ प्लॅस्टिक पिशव्या आणि एक धुतलेला सुती कपडा तिथेच खिळ्याला टांगून ठेवा. खर्च काहीच नाही, पण एखाद्या पोराचा हात वाचेल.