विहिरीतले पाणी गेले कोठे?



गतवर्षी आठवीच्या वर्गात मी जलचक्राचा पाठ शिकवीत होते. फळ्यावर नेहमीची आकृती काढली : समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र. शेवटी सांगितले की, पृथ्वीवरील पाणी नष्ट होत नाही. ते केवळ रूप आणि स्थान बदलते. तेव्हा मागील बाकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "बाई, पाणी संपतच नाही म्हणता, तर मग आमच्या विहिरीतलं गेलं कुठं?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पाण्याअभावी त्याच्या वडिलांना त्या उन्हाळ्यात संत्र्याची बाग तोडावी लागली होती, हे मला ठाऊक होते. मी कलाशाखेची पदवीधर. त्या दिवशी त्याला समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. पुढे जे वाचले, पाहिले आणि जाणत्या शेतकऱ्यांना विचारले, त्यातून सुचलेले उत्तर येथे देत आहे.

प्रथम चक्र कसे फिरते ते पाहू. पृथ्वीवरील सुमारे ९७ टक्के पाणी खारट असून ते समुद्रात आहे. उरलेल्या गोड्या पाण्यापैकी बरेचसे बर्फाच्या रूपाने गोठलेले असते. सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते. मीठ मात्र मागे राहते. म्हणूनच खाऱ्या समुद्रातून उठलेल्या ढगाचा पाऊस गोड असतो. हे कार्य सोपे नाही. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता पुरते. परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. एवढे ओझे सूर्य प्रतिदिनी मुकाट्याने उचलीत असतो.

वाफ केवळ समुद्रातूनच उठते असे नाही. संत्र्याच्या एखाद्या पानेदार फांदीवर पारदर्शक पिशवी बांधून ती तासभर उन्हात ठेवा. आतील बाजूस पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. मुळांनी जमिनीतून शोषलेले पाणी पाने हवेत सोडतात. यास बाष्पोत्सर्जन म्हणतात. जमिनीवर पडणाऱ्या एकंदर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाणी माती, जलाशय व वनस्पती यांच्या वाटे पुन्हा हवेत जाते.

हवा वर चढली की थंड होते, वाफेचे सूक्ष्म जलकण बनतात व ढग तयार होतो. पावसाळ्यात थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून जो घाम येतो, तो याच क्रियेचा लहानसा प्रयोग होय. हवेतील वाफेचा मुक्काम सरासरी आठ-दहा दिवसांचाच असतो. पृथ्वीवरील सर्व हवेतील वाफ एकदम खाली पडून सर्वत्र सारखी पसरली, तर ती जेमतेम एक इंच भरेल! एवढ्याशा भांडवलावर निसर्ग हा व्यवहार चालवितो, कारण ते भांडवल तो सतत फिरते ठेवतो.

माझे बालपण कोकणी बोलणाऱ्या किनाऱ्यावर गेले. आमच्या घरी पाण्याला 'उदक' म्हणतात. जूनच्या आरंभी समुद्रावरून काळे ढग येत आणि सह्याद्रीला अडून कोसळत. तेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या भागात सुमारे १००० मिलिमीटर. सह्याद्री ओलांडताना अरबी समुद्राकडील ढग आपला बराचसा भार तेथेच उतरवितात. सातपुड्याच्या या पायथ्याशी पोहोचणाऱ्या पावसास बंगालच्या उपसागराचेही मोठे साहाय्य होते. श्रावण-भाद्रपदात तेथे कमी दाबाचे पट्टे निर्माण होऊन ते मध्य भारताकडे सरकतात, आणि मग आपल्याकडे झड लागते.

पडलेले पाणी जाते कोठे, हे आपल्या भूमीवर फार सुंदर रीतीने दिसते. पांढुर्ण्याहून मुलताईला जा. तेथे उगम पावणारी तापी पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. त्याच पठारावर उगम पावणारी वर्धा मात्र दक्षिणेची वाट धरते. सौंसरच्या बाजूची कन्हान वैनगंगेस मिळते. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत मिसळून बंगालच्या उपसागराकडे जाते. एकाच ढगातील दोन थेंब हातभर अंतरावर पडले, तरी एक पश्चिम समुद्राला व दुसरा पूर्व समुद्राला जाऊ शकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते, तिचे पाणीही अखेरीस त्या पूर्व समुद्राचीच वाट चालते.

नद्यांना एवढे पाणी पुरविण्यास पाऊस पुरतो काय, ही शंका पूर्वी मोठमोठ्या विद्वानांना होती. समुद्राचे पाणी भुयारांतून डोंगरात चढते, असे कित्येक मानीत. फ्रान्समधील पिएर पेरो याने सेन नदीच्या उगमाकडील प्रदेशातील पाऊस व नदीचे पाणी यांचा हिशेब मांडला आणि १६७४ साली दाखवून दिले की, पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट आहे. तर्काने न सुटलेला वाद मोजमापाने सुटला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आपणही हिशेबच करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एका एकरात सुमारे ४००० चौरस मीटर असतात. म्हणजे १००० मिलिमीटर पावसाने एकरभर रानावर सुमारे ४० लाख लिटर पाणी पडते! मग विहीर कोरडी का?

याचे कारण आपल्या पायाखाली आहे. पांढुर्ण्याच्या परिसरात बहुतेक ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ आहे. या कातळात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. ही कोठी लहान आहे. जोराची सर आली की पाणी उतारावरून ओढ्याला व ओढ्यातून नदीला धावते. सावकाश झिरपेल तेवढेच कोठीत पडते. उपसा मात्र बारा महिने चालतो. संत्र्याच्या आंबिया बहाराला नेमके भर उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, आणि त्याच वेळी कोठी रिकामी होत आलेली असते. मग कूपनलिका अधिक खोल जातात व कित्येक वर्षांत साठलेले पाणी एखाद्या हंगामात वर येते. आमच्या किनाऱ्यावर तिप्पट पाऊस पडूनही कित्येक गावांना मे महिन्यात टंचाई भासते. तेव्हा पाऊस किती पडला एवढेच महत्त्वाचे नाही. किती थांबला, हेही पाहावे लागते.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे : बाळ, तुझ्या विहिरीतले पाणी नष्ट झाले नाही. काही पानांतून हवेत गेले, काही संत्र्याच्या रसात भरून दूरच्या बाजारी गेले. पुस्तकातील वाक्य खरेच आहे. पण ते साऱ्या पृथ्वीच्या हिशेबाचे आहे. पृथ्वीची जमाखर्चाची वही नेहमी जुळते. तुझ्या विहिरीची जुळेलच असे नाही. गेलेले पाणी परत येते, परंतु कोठे व केव्हा यावे हे चक्र आपल्याला विचारून ठरवीत नाही. आलेले पाणी थोपविणे एवढेच आपल्या हाती आहे. शेताची बांधबंदिस्ती, ओढ्यावरील बंधारा, डोंगरउतारावरील झाडे आणि मोजके ओलीत, हे त्याचे उपाय होत.

यंदा त्या मुलाने विहिरीच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आहेत. दर पौर्णिमेस वडिलांसमवेत तो दोर सोडतो व पाणी किती गाठींवर लागले ते वहीत लिहितो. तुम्हीही घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन असे करून पाहा. ज्याची नोंद आपण ठेवतो, त्याची उधळपट्टी आपल्या हातून सहसा होत नाही.