जमिनीला आधी कान लावावा

पाटण तालुक्यात भूकंपमापक बसवण्यात आणि त्यांच्या नोंदी वाचण्यात माझी बावीस वर्षं गेली. हल्ली तरुण मुलं विचारतात, ‘कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवायचा म्हणतात, त्यात तुमचं काय काम?’ त्यांच्यासाठी हे सहा बोल. बहुतेक चुका करूनच शिकलोय.

१. आधी गिरणी ओळखा, मग भूकंप.

पहिल्या वर्षी एका शाळेमागे केंद्र लावलं. कातळ लागेपर्यंत खड्डा खणला, सिमेंटचा ओटा केला, उपकरणाच्या पातळीचा बुडबुडा मधोमध आणला. तरी रोज संध्याकाळी सहा ते आठ नोंदीत बारीक थरथर. दोन आठवडे मी केबल बदलत बसलो. शेवटी शाळेतली पोरंच म्हणाली, ‘सर, ती अण्णांची गिरणी.’ लोडशेडिंगच्या दिवशी थरथर गायब! तेव्हापासून नव्या जागी आधी एक दिवस-रात्र काढतो. बोअरचा पंप, एसटीची फेरी, वाऱ्याने हलणारं आंब्याचं झाड, सगळ्यांची ओळख करून घेतो.

२. घड्याळ चुकलं की जागा चुकते.

भूकंपाची पी लाट आधी पोचते, एस लाट मागून. दोघींमधला एक सेकंद म्हणजे साधारण आठ किलोमीटर अंतर. पण नेमकी जागा काढायची तर अनेक केंद्रांच्या वेळा जुळाव्या लागतात. एका पावसाळ्यात उंदरांनी जीपीएसच्या अँटेनाची वायर कुरतडली. त्या केंद्राचं घड्याळ अर्धा सेकंद सरकलं आणि नकाशावर आमचे धक्के चक्क डोंगराच्या पलीकडे गेले. पी लाट कातळातून सेकंदाला सहा किलोमीटर धावते, म्हणजे अर्ध्या सेकंदाला तीन किलोमीटरची चूक. वायू साठवायच्या जागी एवढ्या चुकीत धक्का साठ्याच्या आत झाला की बाहेर, हेच कळणार नाही.

३. दाबाला कमी लेखू नका.

कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागलं तसे धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे रिश्टर मापनावर ६.३ चा भूकंप झाला. कातळात ताण आधीपासून होता. पाण्याचा भार वाढला, भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला आणि कातळाची एकमेकांवरची पकड सैल झाली. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ मध्ये ३,६०० मीटरांहून खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडायला लागले, तसे तिथेही धक्के सुरू झाले. १९६६ मध्ये ते बंद केलं, तरी सर्वांत मोठा धक्का १९६७ मध्ये आला. नळ बंद केला म्हणून खालचा दाब लगेच ओसरत नाही. म्हणूनच वायू भरताना माणसाला जाणवतही नाहीत अशा बारीक धक्क्यांवर डोळा ठेवायचा. मोठ्याची वाट बघायची नाही.

४. ‘आधी’ची नोंद नंतर मिळत नाही.

नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड सोडतात, कित्येक वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. मला भावतो तो त्यांचा १९९४ सालचा कंपन-सर्वेक्षणाचा आराखडा. वायूचा पहिला कण खाली जायच्या दोन वर्षं आधी काढलेला! पुढचे आराखडे त्यावर ठेवून पाहिले तेव्हा वायू कुठवर पसरला ते दिसलं. मिठाच्या पाण्याच्या जागी वायू आला की लाट मंदावते आणि थरावरून जोरात परतते. हा फरक ओळखायला जुनं चित्र हाताशी लागतं.

५. काळा कातळ पटकन बोलत नाही.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये वायू गाडता येईल का, हा प्रश्न आता नेहमी येतो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू बेसाल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग खनिज होऊन बसला. आशा वाटावी अशीच गोष्ट. पण आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर आहेत. कुठे घट्ट, कुठे जाळीदार, मध्येच लाल मातीचा पट्टा. लाटा त्यांत विखुरतात. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा बेसाल्ट सव्वा किलोमीटरला संपून खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. नेमकी खोली सांगायला शेवटी भोकच पाडावं लागलं. आणि दगड झालेला वायू लाटांना फारसा वेगळा दिसत नाही. आइसलँडमध्येही विहिरींतल्या पाण्याचे नमुने तपासूनच हिशेब लागला. तेव्हा एका कानावर भिस्त ठेवू नका.

६. गावाला पहिल्या दिवशी सांगा.

एका वाडीत आजींनी विचारलं, ‘लेकरा, ही पेटी भूकंप सांगती का आणती?’ मी हसण्यावारी नेलं. आठवड्याने पाहतो तर बॅटरीची वायर उपसलेली. मग त्यांना पेटीपाशी नेलं, लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, ‘आजी, जरा पाय आपटा.’ रेघ उडाली तशा त्या पोटभर हसल्या. पुढे शेळ्या हाकलायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. गेल्या खेपेला मी गाडीतून उतरायच्या आतच त्यांनी विचारलं, ‘परवा रातच्याला तीनला भांडी वाजली. तुझ्या पेटीत आलं का रं?’

तपासलं. तीन वाजून चार मिनिटं. आलं होतं.