रंगांचा नकाशा

इ. स. १६६६ च्या सुमारास आयझॅक न्यूटनने अंधाऱ्या खोलीत छिद्रातून सूर्यकिरण घेतला व तो काचेच्या लोलकातून जाऊ दिला. भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटला. पुढे १७०४ साली 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने हे रंग एका वर्तुळावर मांडले आणि मध्यभागी पांढऱ्यास जागा दिली.

परंतु नकाशा काढावयाचा तर मोजमाप हवे, आणि रंग मोजावयाचा कशाने? सन १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये राइट व गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी माणसाचा डोळा हीच मोजपट्टी मानली. पाहणाऱ्यापुढे एका बाजूस वर्णपटातील शुद्ध रंग ठेवीत. दुसऱ्या बाजूस तांबडा, हिरवा व निळा प्रकाश कमीअधिक मिसळून त्याने तसाच रंग जुळवावयाचा. राइटने दहा जणांकडून व गिल्डने सात जणांकडून हे चिकाटीचे काम करवून घेतले. दोघांची उत्तरे चांगली जुळली. मात्र निळसर हिरवा रंग काही केल्या साधेना! मिश्रण नेहमी फिकेच पडे. शेवटी मूळ रंगातच थोडा तांबडा प्रकाश मिसळावा, तेव्हा कोठे दोन्ही बाजू सारख्या दिसत.

या मोजमापांवरून १९३१ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने रंगांचा नकाशा ठरविला. त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. वक्र कडेवर वर्णपटाचे शुद्ध रंग, आत पांढरा, आणि नालाची टोके जोडणाऱ्या सरळ रेषेवर इंद्रधनुष्यात कधीच न दिसणारे किरमिजी रंग. तपकिरी रंग मात्र येथे शोधून सापडत नाही. तो म्हणजे मंद नारिंगीच. आणि उजेड किती, हे हा नकाशा सांगत नाही.

या नकाशात दोन रंगांचे मिश्रण त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच पडते. संगणकाच्या पडद्यावर तांबडे, हिरवे व निळे असे तीनच प्रकारचे बारीक ठिपके असतात. म्हणून पडद्याचे सारे रंग एका त्रिकोणात मावतात. सन १९९६ मध्ये पडद्यांसाठी सुचविलेला प्रमाण त्रिकोण नालाचा सुमारे तिसरा हिस्साच व्यापतो. नव्या पडद्यांचे त्रिकोण मोठे असतात. पण नालाची कड वक्र आणि त्रिकोणाच्या बाजू सरळ, तेव्हा काही भाग बाहेर राहतोच. तेथील रंगाऐवजी संगणक त्रिकोणातील जवळचा रंग दाखवितो. लोलकातून भिंतीवर पडलेल्या निळसर हिरव्या पट्ट्याचे चित्र पडद्यावर फिके दिसते, ते यामुळेच.