दातांचा चांगला डॉक्टर कसा ओळखायचा?



आमच्या फुलपाड्यात दातांच्या डॉक्टरांची कमतरता नाही. विरार पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने आत या, पापडखिंड धरणाच्या बाजूला पोहोचेपर्यंत दाताचं चित्र असलेले किती बोर्ड दिसतात ते एकदा मुलांना मोजायला सांगा. चांगली आकडेमोड होते. म्हणजे प्रश्न डॉक्टर मिळण्याचा नाहीच, त्यातला कोणता निवडायचा हा आहे. आणि ही निवड आपण बहुतेक वेळा सगळ्यात वाईट वेळी करतो. रात्री दाढ ठणकायला लागते, लवंग धरून होते, गोळी खाऊन होते, सकाळी गाल सुजलेला असतो, मग जो दवाखाना आधी उघडेल तो आपला. दुखत असताना माणूस चौकशी करत नाही, फक्त "डॉक्टर, कायपण करा" एवढंच म्हणतो.

म्हणून दात दुखत नसताना एकदा साध्या तपासणीला जाऊन यावं. त्या दिवशी डॉक्टर तुमचे दात बघतात आणि तुम्ही डॉक्टरांना बघून घ्यायचं.

प्राथमिक शाळेच्या पालकांसाठी यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, तिथूनच सुरुवात करते. दुधाचे दात २० आणि कायमचे ३२, हे पाठ असतं सगळ्यांना. पण साधारण सहाव्या वर्षी, म्हणजे मूल पहिलीत असताना, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. ही दाढ कायमची असते. तिला कीड लागली की आपण म्हणतो, "दुधाची आहे, पडेल." ती पडली तर त्या जागी पुन्हा दुसरी येत नाही! दुधाच्या मागच्या दाढाही दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या लवकर काढल्या तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. पुढे वाकड्या दातांना तारा लावायचा खर्च येतो, त्यातल्या काही खर्चाचं मूळ इथे असतं.

डॉक्टर पारखायला हा एकच प्रश्न पुष्कळ उपयोगी पडतो: "डॉक्टर, ही दाढ दुधाची का कायमची? आणि काढावीच लागली तर जागा कशी राखायची?" चांगले डॉक्टर आरशात दाखवून सांगतील. दाढ वाचवता येते का ते आधी बघतील, नाहीच वाचली तर जागा धरून ठेवणाऱ्या छोट्या तारेबद्दल बोलतील, किंवा त्याची गरज का नाही ते सांगतील. "दुधाचीच आहे हो, काढून टाकू" एवढंच उत्तर मिळालं तर पुढच्या गल्लीतला बोर्ड बघा.

आता पदवीचं. बी.डी.एस. म्हणजे दातांचे डॉक्टर. एम.डी.एस. म्हणजे त्यानंतर ३ वर्षं एकाच शाखेचं जास्तीचं शिक्षण. कुणी हिरड्यांचे, कुणी तारा लावणारे, कुणी लहान मुलांच्या दातांचे. साधी कीड, सफाई, फिलिंग यांसाठी तज्ज्ञच हवेत असं काही नाही, अनुभवी बी.डी.एस. उत्तम. पण राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी हवीच. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून नोंदणीशिवाय दातांची प्रॅक्टिस करायला बंदी आहे. आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापलेला असायला हवा. नसेल तर विचारायला लाजू नका. आपण शंभर रुपयांची भाजी घेताना वजनकाटा बघतो की नाही? कवळी बनवणारे कारागीर वेगळे आणि डॉक्टर वेगळे, हेही लक्षात असू द्या. कवळी छान बसवतो म्हणून त्याच्याकडून दाढ काढून घेणारी माणसं अजून आहेत.

पदवी भिंतीवर दिसते. पण खरी पारख होते ती दाताला हात लावायच्या आधीच्या पाच मिनिटांत. डॉक्टर काय विचारतात ते ऐका. शुगर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, बाई असेल तर गरोदर आहे का. आजी-आजोबांना घेऊन गेलात तर हे प्रश्न जास्तच गरजेचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना न विचारता दाढ काढली तर रक्त थांबता थांबत नाही. मशेरी, तंबाखू, गुटखा यांची चौकशी करणारे आणि जीभ उचलून, गालाच्या आतून नीट बघणारे डॉक्टर मला जास्त विश्वासाचे वाटतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडं अजून लाल दिसतात, तुम्हीही बघता. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दातांच्या डॉक्टरांच्या नजरेला सगळ्यात आधी पडू शकते.

स्वच्छतेवर मात्र थोडं थांबते, कारण इथेच आपली फसगत होते. एसी, काचेचा दरवाजा, चकचकीत फरशी म्हणजे स्वच्छ दवाखाना, असं आपण समजतो. फरशी तोंडात जात नाही, हत्यारं जातात! रक्ताच्या संपर्कातून हिपॅटायटिस बी, सी सारखे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. हत्यारं नुसती उकळून भागत नाही, ऑटोक्लेव्ह लागतो. तो साधारण आपल्या कुकरसारखंच काम करतो: दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस, १५ ते २० मिनिटं. नंतर ही हत्यारं बंद पाकिटात राहतात आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. पाकीट तुमच्यासमोर फोडतात का बघा. हातमोजे तुमच्यासाठी नवे घातले का? मोजे घातलेल्या हाताने फोन उचलून तोच हात परत तोंडात जात नाही ना? सुई नवी आहे का?

तुम्ही म्हणाल, बाई फारच बारीक बघायला लावतात. तर २०२३ मध्ये तमिळनाडूत वाणियंबाडीला काय झालं ते ऐका. तिथल्या एका दाताच्या दवाखान्यात सलाइनची बाटली वापरलेल्या हत्याराने उघडली जायची आणि उघडी बाटली सैल झाकून पुन्हा पुन्हा वापरली जायची. त्यातून मेलिऑयडोसिसचा जंतू रुग्णांच्या मेंदूपर्यंत पोहोचला आणि दवाखान्यात जाऊन आलेले ८ जण दगावले. साधी उघडी बाटली. दात धुवायचं पाणी कुठून येतं, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

पुढे येतो खर्च. रूट कॅनल सांगितलं तर आधी एक्स-रे काढला का? कीड किती खोल गेली आहे, ते एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं का? फिलिंग, रूट कॅनल, काढणे, असे जे पर्याय असतील ते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हेही सांगायला हवं. कॅपचा खर्च धरून पूर्ण रक्कम कागदावर लिहून मागा. नाहीतर रूट कॅनल होतं आणि मग "कॅप वेगळी बरं का" असं कळतं. माझ्या ओळखीतल्या एका आईला एका ठिकाणी मुलाच्या चार दाढांचं काम लगेच करा, आजच केलं तर सवलत, असं सांगितलं होतं. ती एक्स-रे घेऊन दुसरीकडे गेली. तिथे डॉक्टरांनी दोनच दाढा भरल्या आणि बाकीच्या दोन सहा महिन्यांनी बघू म्हणाले. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे आणि एक्स-रे, कागदपत्रं मागायचाही आहे. दुसरं मत म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांच्याकडे घाईने काम करून घेऊ नका. सूज, ताप, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, तर मात्र दुसऱ्या मतासाठी थांबायचं नाही, लगेच उपचार.

एक सांगते, "याला आत्ता काही करायची गरज नाही" असं म्हणणारे डॉक्टर सापडले तर त्यांचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मुलाशी डॉक्टर कसे बोलतात तेही बघा. आधी आरसा हातात देतात, मशीनचा आवाज ऐकवतात, मग तोंडात घालतात, की "रडलास तर मोठं इंजेक्शन देईन" म्हणतात? ही धमकी आपणही घरी देतो, "ब्रश केला नाहीस तर दातवाल्याकडे नेईन." ती बंद करा आधी, नाहीतर कितीही चांगला डॉक्टर निवडा, मूल तोंड उघडणार नाही.

पैशांची अडचण असेल तर दाढ तशीच ठेवू नका. विरारहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरलात की जवळच महानगरपालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्च खासगीपेक्षा बराच कमी. शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जातो आणि फेऱ्या जास्त होतात. सकाळी लवकर निघा, डबा बरोबर घ्या.

आणि शाळेतली तपासणी विसरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरलाच झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. शाळेत येणारं आरोग्य पथक दातही बघतं आणि गरज असेल तर पुढे पाठवायची चिठ्ठी देतं. ही चिठ्ठी दप्तराच्या तळाशी, तुटलेल्या पेन्सिलींच्या सोबतीला सापडते. तपासणीच्या दिवशी संध्याकाळी दप्तर उघडून बघा. चिठ्ठी असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि जाताना वर सांगितलेला दाढेचा प्रश्न विचारा.